घाटवाटेचं पुस्तक

माणसाच्या आयुष्यात एक तरी पुस्तक असं येतं, की जे त्याला वाट दाखवतं. हे वाक्य मी अनेक वाचनालयांच्या समारंभांत ऐकलं आहे, आणि प्रमुख पाहुणे न आल्यामुळे दोनदा स्वतः म्हटलंही आहे. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. मला वाट दाखवणारं पुस्तक जेमतेम शंभर पानांचं होतं, त्याला हिरवा पुठ्ठा होता, आणि त्याने दाखवलेली वाट सरळ कड्यावरून खाली जात होती.

त्या वर्षांत महाडच्या एस.टी. स्टँडवर शनिवारी सकाळी एक नवी जमात उतरू लागली होती. मुंबईच्या आणि पुण्याच्या हापिसांतली तरुण मंडळी. पायात कॅनव्हासचे बूट, पाठीला पिशव्या, कुणाच्या खांद्यावर दोराचं वेटोळं, आणि हातात पुस्तक. पुस्तकात बघून ते डोंगराकडे बोट करत आणि मग डोंगराकडे बघून पुस्तकाकडे मान हलवत, जणू डोंगर पाठ म्हणून दाखवतोय आणि हे तपासून घेतायत. आम्ही जन्मापासून डोंगरांच्या मध्ये राहिलेली माणसं. डोंगरात हिंडायला पुस्तक लागतं हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं, आणि एकदा कळल्यावर पुस्तकाशिवाय हिंडणं अडाणीपणाचं वाटू लागलं. निदान मला आणि मधूला वाटू लागलं. मधू माझ्या वर्गातला, बाजारपेठेतल्या कापडदुकानदाराचा मुलगा. तेव्हा आम्ही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आम्हाला बऱ्याच गोष्टींबद्दल मतं होती.

आमच्या घरात छापील अक्षराला फार मान होता. घरात देव नव्हते. ते दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी जन्मायच्या आधीच सावित्रीत सोडले होते आणि त्यांच्या रिकाम्या फळीवर पुस्तकं मांडली होती. नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की आई आधी तांदळाचा डबा माळ्यावर टाकी आणि दादा पुस्तकं. त्या धांदलीतही दोघांना एकमेकांच्या निवडीवर बोलायला सवड मिळे. पाणी ओसरलं की दादा भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारत. ते प्राथमिक शिक्षक होते. संध्याकाळी पायरीवर बसून वह्या तपासत, तेव्हा टाकाची कुरकुर, आतून सुके बोंबील भाजल्याचा वास आणि लांबून घाटाकडे निघालेल्या गाडीचा गिअर बदलल्याचा आवाज, हे तिन्ही मला अजून एकत्रच आठवतात. तिन्हींतलं एक आलं की बाकीची दोन येतात. दादांचं सगळ्या अंधश्रद्धांवर एकच उत्तर असे, "दगडाला दगड म्हणायचं." हे ते इतक्यांदा म्हणत की आम्हा भावंडांना दगड या वस्तूविषयी थोडी कीव वाटे.

दादांना एक धाकटा भाऊ होता, बाबू. तो सोळाव्या वर्षी तापाने गेला असं आमच्या घरात सांगत. सांगत म्हणजे एकदाच सांगितलं होतं. मी विचारलं होतं, कसला ताप? त्यावर दादांनी हातातली वही मिटली आणि दुसरी उघडली. त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, मूळ गावीच राहायची. लग्न गावातल्या गावातच झालेलं, नवरा वारलेला, मुलगा मुंबईला गिरणीत. गाव पोलादपूरच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायाशी. नाव लिहीत नाही. एका पुस्तकात ते एकदा छापून आलं, तेवढं पुरे झालं. गावाच्या मागून एक जुनी वाट वर माथ्यावरच्या बाजाराला जाते. मोटारीचा घाट अंगवळणी पडण्याआधी खालची माणसं सुकट आणि मीठ डोक्यावर घेऊन त्या वाटेने वर जात आणि येताना घेवडा, बटाटे आणत. लहानपणी दादांबरोबर मी गावी पुष्कळदा गेलो, पण त्या वाटेकडे ते मला कधीच घेऊन गेले नाहीत. गावच्या बौद्धवाडीपलीकडे डोंगर सुरू होतो आणि दादा तिथे संपत.

पुस्तकाची निवड आम्ही फार जबाबदारीने केली. मधूने पुण्याच्या मामाकडून दोन पुस्तकं आणली होती, बघून एक परत करायच्या बोलीवर. पहिलं जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. आत लेखकाचा हातात काठी घेतलेला फोटो, त्यापुढे एका मोठ्या माणसाची प्रस्तावना, त्यापुढे दुसऱ्या मोठ्या माणसाचा आशीर्वाद. प्रत्येक गडाचं वर्णन "हे सह्यकड्यांनो" अशा हाकेने सुरू होई, आणि पाणी कुठे मिळेल हे मात्र शेवटपर्यंत कळत नसे. कड्यांनी हाकेला ओ दिल्याचाही कुठे उल्लेख नव्हता. दुसरं ते हिरवं. प्रस्तावना नाही, फोटो नाही. हाताने काढलेले नकाशे, अंतर मैलांत न देता चालण्याच्या वेळात दिलेलं, आणि वाक्यं अशी की पोस्टमनने लिहावीत. इथे विहीर आहे, बारमाही. इथे कुत्रा आहे, चावत नाही. त्याच पुस्तकात आत्याच्या गावाची वाट होती.

"हेच," मी म्हणालो.

"जाड पुस्तकात फोटो तरी आहेत," मधू म्हणाला. "घरी दाखवायला बरं पडेल."

"तुला डोंगर चढायचाय की दाखवायचाय?"

"चढून दाखवायचाय," मधू म्हणाला, पण ऐकलं त्याने माझंच. खोटं नेहमी मोठ्या आवाजात बोललं जातं असा माझा तेव्हा समज होता. साधेपणाने लिहिणारा माणूसही चुकू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे आयुष्यभर भपक्याची टवाळी करण्यात माझा चांगला वेळ गेला, पण त्या हिरव्या पुठ्ठ्याने मला जे शिकवलं ते कुठल्याही भपक्याने शिकवलं नव्हतं.

आईने डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. पुस्तकात ग्लुकोज आणि लिमलेटच्या गोळ्या सांगितल्या होत्या, त्या तिला पटल्या नाहीत.

"वर काय आहे?" तिने विचारलं.

"तसं काही नाही."

"बाजारबिजार?"

"तो आता मोटारीने जातो."

"म्हणजे काही आणायचं नाही, काही न्यायचं नाही, नुसतं वर जाऊन खाली यायचं," आई म्हणाली. "शिकलेल्यांचं बरं असतं."

दादांना आम्ही आत्याकडे जातो एवढंच सांगितलं. वाटेचं सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते आजही मला नीट सांगता येणार नाही. बहुधा घरातल्या माणसांना जे बोललं जात नाही तेही ऐकू येत असावं.

पाऊस सरत आला होता. गवत छातीइतकं वाढलेलं, आणि दुपारच्या आत डोंगरावरून धुकं खाली उतरायचं. आम्ही आदल्या संध्याकाळी आत्याकडे पोचलो. तिने कुळथाची पिठी केली होती आणि नाचणीच्या भाकऱ्या थापत बसली होती. मधूकडे एकदा नीट बघून तिने विचारलं, "खातोस ना रं आमच्यात? का चुरमुरं देऊ?"

मधू लाल झाला. मग त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि पाचवी मागितली.

"घरी सांगू नको," जेवून उठताना तो मला म्हणाला.

"पाच खाल्ल्यास ते?"

"गप रे."

सकाळी निघताना आत्याने विचारलं कुठं, तेव्हा मी पुस्तक काढून दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटं, आणि नकाशावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"वरच्या वाटंला जातांव?" ती म्हणाली. "तुझ्या बापाला ठावं हाय?"

"त्यात काय आत्या, तीन तासांची तर वाट आहे."

"वाटंनं तीन राशी लागतील दगडांच्या. राशीला दगूड टाकायचा रं मिलिंदा. टाकल्याबिगर जायाचं नाय. आनि आयक—"

मधू शेजारी उभा होता. दादांच्या घरात वाढलेल्या मला त्याच्यासमोर हे ऐकणं नको झालं. "आत्या, दगडाला दगड म्हणायचं," मी म्हणालो आणि पुस्तक पिशवीत टाकलं. तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. पुढचं वाक्य तिने गिळलं. आज एकाहत्तराव्या वर्षीसुद्धा कुणी बोलताना मी मध्येच तोडलं, की मला त्या उघड्या तोंडाची आठवण होते आणि मी माफी मागतो. लोकांना वाटतं, फार सुसंस्कृत माणूस आहे.

पहिला तास वाट ठीक होती. मग कारवीचं रान संपलं आणि उतरणीचं गवत लागलं. डाव्या हाताला डोंगर चढत गेलेला, उजव्या हाताला गवत खाली खाली जाऊन एकदम तुटलेलं. तिथेच धुकं आलं. धुकं आलं की कुणी दार लोटल्यासारखं होतं. ओढ्याचा आवाज, पाखरांचा, मागच्या गावातल्या कोंबड्यांचा, सगळे एकेक करून बंद झाले. गवतात पायवाट दिसेना. मी पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, की धुक्यात घाबरू नये, स्थानिक लोकांनी खूण म्हणून दगडांच्या राशी रचल्या आहेत, एका राशीवरून दुसरीकडे जावं, वाट चुकणार नाही.

"तुझी आत्या म्हणत होती त्याच ना या?" मधू म्हणाला. "बघ, उगाच कशात पण देव घुसवतात लोक."

"देव नाही म्हणाली ती. दगड टाका म्हणाली."

"खूण टिकायला पाहिजे म्हणून. साधं आहे."

साधंच होतं. मला ते इतकं पटलं की आत्याच्या अडाणीपणात दडलेलं शहाणपण शोधून काढल्याचा थोडा अभिमानही वाटला. पहिली रास उजवीकडे, खालच्या अंगाला दिसली. कमरेइतकी उंच, शेवाळलेली. आम्ही गवतातून उतरून तिच्याजवळ गेलो. तिथे कातळ उघडा होता, म्हणून ती धुक्यातही दिसत होती. मी दगड टाकला नाही. तिथून पुढे दुसरी. ती लहान होती, आणि तिच्या पायाशी एक फुटकी बांगडी होती, हिरवी. मी ती पाहिली. मधूनेही पाहिली असावी, कारण त्यानंतर त्याने शीळ घालणं बंद केलं.

तिसरी सगळ्यांत मोठी होती. मधू माझ्या पुढे दहा पावलं. तो राशीला हात लावून उभा राहिला, वळून म्हणाला, "झाल्या तीन," आणि पुढची वाट बघायला राशीला वळसा घालून पलीकडे गेला. ओरडला नाही. मला त्याच्या डब्याचा आवाज आला. ॲल्युमिनियमचा डबा कातळावर आपटला, पुन्हा आपटला, मग बराच वेळ काही नाही, आणि मग फार खालून एकदा. मी राशीपाशी आलो तेव्हा पलीकडे गवत नव्हतं. पलीकडे काहीच नव्हतं, पांढरं होतं.

मी पोटावर झोपून हाका मारल्या. पहिल्या हाकांना उत्तर आलं नाही. मग खालून "ऊं" असं काहीतरी आलं, पण ते मधूचं होतं की माझाच आवाज परत येत होता ते कळेना. आवाज परत येताना माणसाचा राहत नाही. शेवटी "पाय" एवढा शब्द आला. तो मी उच्चारला नव्हता, म्हणजे मधू जिवंत होता. मी त्याला ओरडून सांगितलं की माणसं घेऊन येतो, आणि आलो त्या मार्गाने पळत सुटलो. म्हणजे तिसऱ्या राशीवरून दुसरीकडे, दुसरीवरून पहिलीकडे. तेव्हाही पुस्तकाचाच आधार होता, दुसरं काही मला माहीत नव्हतं. पण आता प्रत्येक रास धुक्यातून पुढे आली की ती दगडांची न दिसता कुणी गुडघे जवळ घेऊन बसल्यासारखी दिसे. आपल्याकडे पाठ करून. मी अंधश्रद्धाळू नाही. मी फक्त दिसलं ते लिहितो आहे.

आत्या अंगणात भात निवडत होती. मला एकट्याला बघून तिने सूप खाली ठेवलं.

"कुठं?" तिने विचारलं. काय झालं, हे नाही विचारलं.

"तिसऱ्या राशीपाशी."

"बाबूपाशी," आत्या म्हणाली, आणि मग लगेच उठून ओरडली, "यशोदे, दोर घे गो!"

वाडीतले पुरुष बहुतेक मुंबईला. मधूला काढायला गेल्या त्या आत्या, शेजारची यशोदा वहिनी, वरच्या वाडीतून हाक ऐकून आलेल्या दोघी, आणि एकुलता एक पुरुष, सोनू तात्या, सत्तरीचा. त्यांनी गवताच्या वाटेला पाऊलसुद्धा लावलं नाही. खालून गुरांची एक वाट होती, तिने कड्याच्या पोटात गेल्या. मधू पाच-सहा माणसांच्या उंचीइतका खाली एका कारवीच्या जाळीत अडकला होता. मांडी मोडलेली, गळ्याजवळचं हाड मोडलेलं. आणखी हातभर सरकला असता तर डब्याबरोबर गेला असता. बांबूला घोंगडी बांधून त्यांनी त्याची डोली केली. दिवस मावळायच्या आत तो आत्याच्या घरात होता. धापा टाकत पायरीवर बसलेल्या सोनू तात्याला मी पुस्तक दाखवून विचारलं, हे असं कसं लिहिलं यांनी?

"आलता एक टोपीवाला," तात्या म्हणाला. "हिवाळ्यात. राशी कसल्या म्हून इचारलं. मी म्हनलं, खुणंच्या. लिवून घेतलंन नि गेला. खूण कसली ते त्यानं इचारलं नाय."

"तुम्ही सांगायचं ना तात्या!"

"परक्या मानसाला आपली मेलेली मानसं कोन सांगतं?"

मग आत्याने सांगितलं. पहिली रास एका सुकट विकणाऱ्याची, आजोबांच्या आधीची. दुसरी सासरहून एकटी निघालेल्या एका बाईची. तिसरी बाबूची. जिथून माणूस गेला तिथे, कड्याच्या अगदी ओठावर, पहिले दगड घरचे लोक रचतात. नंतरच्यांनी वरच्या वाटेवरूनच दगड टाकायचा, जवळ जायचं नाही. तिने सकाळी गिळलेलं वाक्य ते होतं. वाट तिथून वीस पावलं वर होती.

"दादा तर ताप म्हणाले," मी म्हणालो.

"त्या दिसाची खेप तुझ्या बापाची व्हती," आत्या म्हणाली. "त्याची परीक्षा व्हती म्हाडास. बाबू म्हनला, दादा तू जा, तुझी सुकट मी नेतांव. असंच धुकं व्हतं."

कुणीतरी पोलादपूरला जाऊन एस.टी.च्या कंडक्टरबरोबर महाडला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने दादा आणि मधूचे वडील एकत्रच आले. सारा रस्ता दोघे काय बोलले असतील याची मला आजही कल्पना करता येत नाही. कापडदुकानदार उंबऱ्याबाहेर थांबले. आत त्यांचा मुलगा आत्याच्या गोधडीवर पडून तिच्या हातून पेज पीत होता. ते आत आले, त्याच्या उशाशी बसले, आणि थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितलं. आत्याने तांब्या दिला. ते प्यायले. याची कुठे नोंद नाही, आणि पाण्याच्या बाबतीत आमच्या महाडची स्मरणशक्ती किती पक्की आहे हे सर्वांना माहीत आहे, म्हणून मी इथे करून ठेवतो.

मधूला बोलता येत होतं. तो मला म्हणाला, "तू बरं केलंस खाली आलास ते."

"कधी?"

"पडल्यावर. बसला होतास ना जवळ. हलू नको, हलू नको म्हणत होतास. मी एकदा हात उचलला तर ओरडलास पण."

"मी खाली आलोच नव्हतो. मी गावात पळालो."

"चल रे. तुझाच आवाज होता. जरा गावठी बोलत होतास एवढंच."

आत्याने चुलीत एक लाकूड सारलं. दादा दारात उभे होते, ते बाहेर अंगणात गेले. डोक्याला मार लागलेला माणूस काहीही ऐकतो, हे मी त्या दिवशीही स्वतःला सांगितलं आणि पुढे एका डॉक्टरकडून खात्रीही करून घेतली. तरी इतक्या वर्षांत ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. खात्री झालेल्या गोष्टी सांगायला काही हरकत नसते खरं तर.

मधूची डोली सडकेकडे निघाली. मी मागोमाग जाणार, तेवढ्यात दादा म्हणाले, "तू थांब. मला दाखव."

"काय?"

"तिसरी."

आम्ही दोघे वर गेलो. धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं, आणि उन्हात ती जागा धुक्यापेक्षा वाईट दिसत होती, कारण सगळंच दिसत होतं. दादा पुढे चालत होते. वाट छातीइतक्या गवताखाली होती, पण त्यांचे पाय ती बरोबर शोधत होते. तीसहून अधिक वर्षांत ते इथे आले नव्हते. राशीच्या वर, वीस पावलांवर, ते थांबले आणि दगड शोधू लागले. एक उचलला, टाकून दिला. दुसरा उचलला, हातात फिरवून बघितला, तोही टाकला. वह्या तपासताना अक्षर बघत तसे ते दगड बघत होते. शेवटी एक मिळाला, मुठीएवढा. त्यांनी तो वरूनच टाकला. दगड राशीवर बसला, थोडा घरंगळला आणि अडकला.

"यात काही अंधश्रद्धा नाही," ते म्हणाले. आवाज वर्गातला होता. "दगड टाकायचा म्हटलं की माणूस थांबतो. थांबला की बघतो. वरून टाकायचा म्हटलं की खाली जात नाही. अशिक्षित माणसांनी केलेली ती पाटी आहे."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला लहानपणीच सांगायचं होतंत. काल मधू मेला असता, दादा."

खाली कड्यात वारा शिरत होता आणि त्याचा आवाज कुणी तोंड मिटून बोलल्यासारखा येत होता.

"आधी बाबूचं सांगावं लागलं असतं," दादा म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, तो काय म्हणत होता, तुझा मित्र, त्याला कोण काय म्हणालं म्हणून? मी सांगितलं, हलू नको म्हणालं. दादांनी मान हलवली. मार लागला की असं होतं, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघितली. ते म्हणाले नाहीत. "परीक्षेत मी पहिला आलो होतो," एवढंच म्हणाले, आणि उतरू लागले. पुढे ते जिवंत असेतो, दगडाला दगड म्हणायचं हे वाक्य आमच्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही. त्याची जागा कशानेच घेतली नाही. संध्याकाळी टाकाची कुरकुर चाले, आणि मध्येच थांबे, आणि आई आतून बघे, आणि मग पुन्हा चालू होई.

पुस्तकाच्या लेखकाला पत्र दादांनीच लिहिलं. पानाचा आणि ओळीचा आकडा देऊन, काय चुकलं आणि काय हवं, विद्यार्थ्याच्या वहीवर शेरा द्यावा तसं. राशी कुणाच्या ते त्यांनी लिहिलं, बाबूचं नाव आणि वयही. मला वाटतं, ते नाव त्यांनी कागदावर पहिल्यांदाच लिहिलं असावं, कारण तेवढ्या जागी अक्षर हललं होतं. लेखक सज्जन होता. उलट टपाली कार्ड आलं, क्षमा मागितलेली, आणि पुढच्या आवृत्तीत खरोखरच दुरुस्ती झाली. राशी या वाटेवर बळी गेलेल्यांच्या आहेत, त्यांच्याजवळ जाऊ नये, वरच्या वाटेवरूनच एक दगड टाकून पुढे जावं, आणि या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाल्याने महाडचा मधू नावाचा तरुण तिसऱ्या राशीपाशी कोसळला, असं त्यात आलं. इशारा अजून कुणी दिलेलाच नव्हता, त्याकडे आम्ही दुर्लक्ष कसं करणार, हे मी दादांना म्हणालो. ते म्हणाले, बाकी बरोबर आहे, सोडून दे.

लेखकाने कोसळला एवढंच लिहिलं होतं, पुढचं लिहिलं नव्हतं. पुस्तक घेऊन येणारी मंडळी आज्ञाधारक असतात. आता त्या कड्यावर बाबूच्या शेजारी एक चौथी रास आहे. गावातलं कुणी तिच्यावर दगड टाकत नाही, पण सुट्टीच्या दिवशी तिची चांगली भर पडते, आणि गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका जथ्याने तिथे दोन मिनिटं शांतता पाळली. परतताना ते महाडला चहाला थांबले होते. त्यांनी मला मोठ्या गांभीर्याने विचारलं, की त्या मधूच्या घरचं कुणी इथे असतं का, भेटायचं होतं. मी त्यांना बाजारपेठेतलं कापडाचं दुकान दाखवलं, आणि सांगितलं की थोडं थांबावं लागेल, मयत एक ते चार झोपतो.